समुद्रावरची जागल

माझ्या चुलतभावाचं लग्न एका विमानापायी मोडायला आलं होतं, असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी नेहमीसारखा मीठमसाला लावतोय. मसाला मी लावतोच. पण एवढा भाग कोरडाठाक खरा आहे.

साठीच्या दशकातली गोष्ट. हा भाऊ नौदलात, विमानवाहू जहाजावर. पुसदच्या आमच्या आळीत समुद्र पाहिलेला तो एकटाच. सुटीवर आला तसे आम्ही त्याला घेऊन ढाणकीला मुलगी पाहायला गेलो. मुलीचे वडील मोठे कास्तकार. मध्यस्थाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगा विमान चालवतो.

चिवडा संपेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कास्तकारांनी विचारलं, वर भीती नाही वाटत? भाऊ पडला सरळ माणूस. म्हणाला, चालवणारा वेगळा असतो, मी मागे बसतो.

मध्यस्थ पानाच्या डब्यात चुना शोधू लागला.

"मंग तुमी कंडक्टर म्हना की," कास्तकार म्हणाले.

आता मला बसवेना. कुणाच्या अंगात देव येतो, माझ्या विमान आलं. हात पसरून मी सतरंजीवर ओणवा झालो आणि भाऊ समजावू लागला. नाकावर एक मोठा पंखा. आत तिघं. पोटाखाली रडार, पालथ्या घमेल्यासारखं. विमान उडालं की ते खाली सोडायचं. मागे बसलेल्याने पडद्यावर नजर ठेवायची. जहाज असलं की ठिपका उमटतो. पाण्याखालची पाणबुडी दिसत नाही, पण श्वास घ्यायला तिने नळी वर काढली की तीही बारीकशी चमकते. मग तिच्यावर बॉम्ब टाकायचा. पाणबुडीचं काम अडकित्त्याला दिलं होतं. मी त्याच्यावर सुपारी टाकली. नेम चुकला.

कास्तकार हसले नाहीत. जेट विमानं आली असताना हे पंख्याचं काहून, असं त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, जेट भुर्रकन निघून जातं. शोधायचं तर हळू, खालून आणि तासन्‌तास फिरावं लागतं. हे त्यांना पटलं. हरवलेला बैल मोटरीत बसून कुणाला सापडला आहे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग मुद्द्यावर आले. आजवर शत्रूच्या किती पाणबुड्या सापडल्या?

"एकही नाही," भाऊ म्हणाला.

"दिवसभर फिरता अन् काहीच सापडत नाही. सरकार पगार कायले देऊन राह्यलं?"

त्यांनी पानाचा डबा मिटला. त्या घरात डबा मिटला की पाहुण्यांनी उठायचं, हे मध्यस्थाला ठाऊक होतं. तो चपलांकडे निघाला. भाऊ मुलीकडे पाहत होता. त्याला ती आवडली होती, हे अडकित्त्यालाही कळलं असतं.

मुलगी इतका वेळ माजघराच्या दाराशी मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, आपल्या जागल्याले मंग कायले ठेवलं?"

जागल्या म्हणजे ज्वारीच्या वावरात मचाणावर बसून, डबा बडवून रानडुकरं राखणारा माणूस. त्याला वर्षाचे दाणे मिळत.

"ज्या राती डुक्कर येत नाही, त्या रातीचे दाणे कापता काय त्याचे?"

"डबा वाजते म्हणूनच तर डुक्कर येत नाही," कास्तकार म्हणाले, आणि थांबले.

"आमचंही तसंच," भाऊ हळूच म्हणाला. "वर विमान फिरत असलं की पाणबुडी दबून राहते. जहाज सुखरूप जातं."

कास्तकारांनी मुलीकडे पाहिलं, मग भावाकडे. डबा पुन्हा उघडला. मध्यस्थ चपला सोडून परत आला, आणि हे स्थळ आपणच आणल्याचं सांगू लागला.

कापसाची वेचणी उरकल्यावर लग्न झालं. पुढे जावई सुटीवर आला की सासरे पाय धुवायला पाणी देण्याआधी विचारत, "काही दिसलं?"

"नाही, मामाजी."

"बेस झालं."

तीसेक वर्षांच्या नोकरीनंतर परवा ती विमानं नौदलाने निवृत्त केली. भाऊ त्याआधीच झाला होता. बातमी त्याने सासऱ्यांना वाचून दाखवली. ते आता खाटेवरून फारसे उठत नाहीत. बातमी ऐकून म्हणाले,

"मचानावर दुसरा बसवला ना पर?"

"बसवला, मामाजी."

मग त्यांनी कूस बदलली आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं.