करगा हाताला कळतो

प्रिय अनय आणि ईरा,

नागपूरहून निघालेली गाडी रायपूरला फक्त दीड तास उशिरा पोचली; तिथे याला वेळेवर म्हणतात. ब्राह्मणपाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती) माझी नणंद मालू राहते. तिने वरची खोली चिकोंडी नावाच्या मुलीला दिली आहे. ही आफ्रिकेतल्या मलावीहून शेतीचे शिक्षण घ्यायला आली आहे. दारातच मालूने मला खबर दिली, "वहिनी, हे पोट्टी परवा नापास झाली तर घरी वापस जाईन. एक डाव झालीच आहे. दिवसभर भितीकडेच पाहून राहिली."

भिंत होतीच पाहण्यासारखी. चुना कुठेही दिसत नव्हता. गवतांचे रंगीत फोटो, खाली नावे, लाल-निळे बाण. मी चिकोंडीला इंग्रजीत सांगितले की मी वनस्पतिशास्त्राची पदवी दोन आकृत्यांवर मिळवली, त्यातली एक उलटी काढली होती.

ती नम्रपणे म्हणाली, "तुमच्या सरांनी वहीही उलटीच धरली असेल, आजी."

तिचे घोडे एका जोडफोटोपाशी अडले होते. डावीकडे धान, उजवीकडे करगा (धानात उगवणारे रानटी धान). मला दोन्ही एकच वाटले. मागच्या परीक्षेत तिलाही तसेच वाटले होते.

"शेतात पाहिला नाहीस?"

"कॉलेजच्या शेतात तण नसतं, आजी. फार स्वच्छ शेत आहे."

दुसऱ्या सकाळी मी तिला घेऊन अभनपूरच्या बसमध्ये बसले. वाटेत नव्या राजधानीच्या पाट्या लागल्या. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आधी माणूस शोधावा लागेल. नकाशात ती फार सुंदर दिसते, असे चिकोंडी म्हणाली. चित्रावर विसंबणारे फक्त विद्यार्थीच नसतात, हे कळून बरे वाटले.

अभनपूरच्या पुढे धान ओंबीवर आले होते. फुलबाई नावाची बाई बियाण्याच्या शेतातून करगा उपटत होती. मी चष्मा पुसला, फोटो ताडून पाहिला आणि शिस्तीत एक रोप उपटले.

"दाई, ये तो धान आय," फुलबाई म्हणाली. "काबर उखाडत हव?" (आई, हे तर धान आहे. का उपटता?)

मी पुरावा म्हणून फोटो पुढे केला. तिने तो वरखाली फिरवून पाहिला. "फोटू म त दूनो धान आय." (फोटोत तर दोन्ही धानच आहे.) मग तिने चिकोंडीचा तळवा एका ओंबीखाली धरला आणि ओंबीला हलकेच बोट लावले. दाणे टपटप तळव्यात पडले.

"करगा. हाथ लगाबे त झर जाथे." (हात लावला की गळतो.)

धान झोडल्याशिवाय दाणा सोडत नाही. करगा नुसत्या बोटाने सोडतो. चिकोंडी दोन तास ओंब्यांना बोट लावत फिरली आणि दाणे पडले की "हव" (हो) म्हणत राहिली. मला मात्र फुलबाईने धुऱ्यावर (बांधावर) बसवले. "दाई ल इहें बइठार दे, नइ त धान नइ बाचय." मी बसून राहिले तरच धान वाचेल, असा त्याचा अर्थ.

संध्याकाळी चिकोंडीने तो जोडफोटो काढला आणि तिथे पेन्सिलीचे चित्र लावले: एक तळवा, वर ओंबी, मध्ये पडणारे दाणे.

"बाण विसरलीस," मी म्हणाले.

"दाणे खाली पडतायत ना, आजी. तोच बाण."

परीक्षेच्या दिवशी ती दुपारी मूठ मिटूनच घरी आली. मूठ उघडली, तर आत चार दाणे. परीक्षकांनी दोन ओंब्या दिल्या, तेव्हा तिने विचारले होते, "हात लावू का?" असे आजवर कोणी विचारले नव्हते म्हणे.

"ते राहू दे," मालू म्हणाली. "पास झाली का नाही, ते सांग ना बाप्पा."

पास झाली.

मी आता नागपूरला परतले आहे. दर रविवारी तुम्ही मला फोनच्या पडद्यावर पाहता आणि "आजी, तू एकदम मस्त दिसतेस" म्हणून पास करून टाकता. बाळांनो, फोटोत करगाही मस्तच दिसतो. एकदा हात लावून बघायला या.

तुमची आजी