मुठीतली शिट्टी

मशीनीतलं माह्याएवढं लोणारात कोणाले समजत नाही. आता म्या जिले हात लावला ती मशीन पुन्हा चालली नाही, ही गोष्ट वेगळी. शाळेचं तोंड पायलं नाही, म्हणून मी बोलून राह्यलो अन् सून लिहून घेऊन राह्यली. चुकलं तर तिचं, बरं असलं तर माहं.

सलीम टेलर गेला त्याले दीड महिना झाला. साऱ्या पेठेले सकाळीच कळलं, दुकानं बंद झाली. मले कळलं दुपारी. माही कानाची मशीन सदऱ्याच्या खिशात, अन् मी हॉटेलवाल्याले इचारून राह्यलो, आज चहा काऊन नाही... त्यानं माह्या खिशात हात घातला, मशीन काढून हातात देली, मी ती कानात घातली, मंग त्यानं तोंड उघडलं. चाळीस वर्षांचा दोस्त, अन् त्याची खबर मले सगळ्यायच्या मांगून.

आधी बहिरा तो झाला होता. मी त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून पेपरातले फोटो पाहो, म्हणून समदं डोळ्यानं पायलं. गिऱ्हाईक सांगे, कॉलर कशी, खिसे किती, अन् हा नुसता त्याच्या तोंडाकडे पाहे. तीनदा सांगून गिऱ्हाईक कंटाळे अन् पुढच्या दुकानात जाय. मंग कान तपासायच्या शिबिरात त्याले कानाची मशीन भेटली. दोन महिने बहार होती. कैचीचा आवाज ऐकून एकटाच हासे. अन् एक दिवस ती मुकी झाली. नवा सेल टाकला तरी मुकी. तिसऱ्या दिवशी सलीम बायकोले, रजियाभाभीले म्हणे, "शिलाई मशीन इकून टाकू. दुकान बंद." बुधवारी नेणारा येणार होता.

मंगळवारी मी गेलो तं तो नमाजले गेलता. कानाची मशीन टेबलावर पडेल. मले वाटलं, दोस्ताचं दुकान आपण वाचवू. शिलाई मशीन अडली की सलीम काय करे? तेल सोडे. तेलाची कुपी समोरच होती. म्या कानाच्या मशीनीच्या नळीत तीन थेंब सोडले. चवथा खुशीत सोडला.

सलीम आला, वास घेतला. "हे काय केलं बे?"

म्या कुपी दाखवली. चाळीस वर्षांत त्यानं मले शिवी देली नव्हती, त्या दिवशी सगळ्या एकदम देल्या. मंग शांत झाला. कानात बसते तो साचा अन् नळी, दोन्ही मशीनीपासून सोडवली. तेल नळीतच अडकेल होतं, मशीन कोरडी होती. तिचा आवाज पुरा वाढवला, मूठ आवळली, अन् मूठ माह्या कानापाशी आणली. शिबिरातल्या बाईनं त्याले सांगतलं होतं, मुठीत शिट्टी वाजली म्हणजे मशीन जिती आहे. पण त्याले कुठं ऐकू येत होतं...

"वाजते का बे?"

बारीक शिट्टी वाजून राह्यली होती. म्या मान हालवली.

"खोटं नको बोलू, वसंता."

म्या त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् पुन्हा मान हालवली. एवढ्या साऱ्या कामात माही मदत तेवढीच.

मंग त्यानं साचा अन् नळी साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, अन् टेलरच तो, नायलॉनचा धागा नळीतून ओवला. आधी माहं तेल आलं, त्याच्या मांगून ज्वारीच्या दाण्याएवढा मळ. तोच आवाज अडवून बसला होता.

बुधवारी नेणारा टेम्पो घेऊन हजर. रजियाभाभी पडद्यामांगून बोलली, "चहा ठेवू का?" सलीमची पाठ तिच्याकडे होती. त्यानं मान न वळवता सांगतलं, "तीन कप ठेव. अन् या भाऊले सांग, मशीन नाही भेटत, पँट शिवून भेटते." पडद्यामांगं भाभीच्या हातातलं भांडं पडलं, तेही त्यानं ऐकलं. टेम्पो रिकामा गेला. पँटचं माप मात्र देऊन गेला.

मंग काय, सुलतानपूरपासून लोकायच्या कपाटातल्या कानाच्या मरेल मशीनी दुकानात याले लागल्या. सलीम सगळ्यायले दटावे. आंघोळीच्या आधी काढा. झोपताना सेलचं झाकण उघडं ठेवा. बुटाच्या खोक्यात ओल ओढणाऱ्या पांढऱ्या पुड्या येतात, त्याच्यासंगं डब्यात ठेवा. धागा ओवून झाला की मूठ माह्यापुढं, "वाजते का बे?" आता त्याले सोताले ऐकू येई, तरी मलेच इचारे. एक दिवस म्या सांगतलं, "नाही वाजत." शिट्टी मात्र दुकानातल्या समद्यायले ऐकू येत होती. पुढचं शिबिर लागलं तसा सलीम मले हाताले धरून घेऊन गेला, माही मशीन तिथलीच.

त्याचा डबा अजून टेबलावरच आहे. धाग्याची रीळ, बारीक ब्रश, पांढऱ्या पुड्या. मांगल्या आठवड्यात माही मशीन मुकी झाली, मी गेलो. भाभी ब्लाऊज शिवत बसेल. म्या तिले सांगतलं, ही मशीनच खराब, मले यातलं समजते. भाभीनं धागा ओवला, मूठ आवळली, आपल्या कानापाशी नेली. मंग एवढ्या जोरात बोलली की मले मशीनबिगर ऐकू आलं, अन् साऱ्या पेठेले पण.

"शिट्टी वाजून राह्यली, भाऊ. मशीन चांगली आहे. मळ तुमच्या कानात आहे, दवाखान्यात जा."