पहिली खुर्ची साहेबांची

संघाच्या फोटोत पहिल्या खुर्चीवर बसलेला माणूस तुम्हाला कधी खेळ शिकवायला आला होता का? नीट आठवून सांगा. आमच्याकडे तरी तो कधीच आला नव्हता.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉलचा संघ फार जुना. मुख्य कोच पहिल्यापासून एकच. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. असिस्टंट कोच मात्र बदलत गेले. कुणी सातपूरला पहिली पाळी करून कारखान्याच्या कपड्यांतच कोर्टावर यायचा, कुणी शाळेतला पीटीचा तास संपवून. हॉलमधल्या मानाच्या फलकावर त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. त्यांनी बसवलेल्या चाली तेवढ्या राहिल्या, आणि पोरींनी चालींना त्यांच्या गावांची नावं दिली. ‘मालेगाव’ म्हणजे दोघींनी आडवे पास देत धावत सुटायचं; ती चाल बसवणारे असिस्टंट कोच यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेले, चेंडू मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे गेला पाहिजे म्हणायचे. ‘लासलगाव’ म्हणजे समोरच्या संघाला पूर्ण कोर्टभर अडवायचं आणि पाचही जणींनी एकदम गलका करायचा, कांद्याच्या लिलावात होतो तसा. मी संघात आले तेव्हा या चाली बसवणारे दोघेही सोडून गेले होते, पण त्यांच्या चाली रोज खेळत होतो.

आमच्या वेळी असिस्टंट कोच होत्या ताई. सुरगाण्याकडच्या. सकाळी वसतिगृहात नोकरी, संध्याकाळी आम्ही. सर यायचे, खुर्ची टाकायचे, फोनवर बोलायचे. घाम ताई काढायच्या.

“ओरडा की गं! मैताला आल्या का सगळ्या?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कॉलेजची एक रीत होती. स्पर्धेआधी संघाची यादी जाते, तिच्यात असिस्टंट कोच म्हणून संस्थेच्या क्रीडा समितीवरच्या एका साहेबांचं नाव टाकायचं. कारण एवढंच, की यादीत नाव असेल त्यालाच बेंचवर बसता येतं, आणि फायनलच्या फोटोसाठी सरांच्या शेजारची पहिली खुर्ची साहेबांना हवी असे. आधीच्या फेऱ्यांना साहेब फिरकायचे नाहीत. तेव्हा ताईच बेंचवर बसायच्या आणि कुणी विचारायचं नाही. फायनलला ताई प्रेक्षकांच्या कठड्यामागे.

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा युनियनचे, आणि मी अक्षरओळख त्या पत्रकांवरूनच केली. अन्याय दिसला की निदान विचारायचं, ही घरची सवय. कप्तान झाल्यावर मी सरांना विचारलं, “यादीत ताईंचं नाव का नाही?”

“अगं, एका दिवसाचा प्रश्न असतो. साहेब बसचे पैसे मंजूर करतात. आणि खुर्ची काय सामना जिंकून देते का?”

मागून आमची सेंटर म्हणाली, “आली पत्रकवाली! आता घोषणा दे.” सगळ्या हसल्या. ताईसुद्धा.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “माझा आवाज कठड्यावरून येतो ना तुम्हाला? मग झालं.”

त्या वर्षीची आंतरमहाविद्यालयीन फायनल आमच्याच हॉलमध्ये होती. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही चांगल्या पुढे होतो. मग आमच्या सेंटरवर एक फाउल दिला आणि सर पंचांच्या अंगावर धावून गेले. टेक्निकल फाउल. थोड्याच वेळात आणखी एक निर्णय विरुद्ध गेला, तर सरांनी पाण्याची बाटली लाथेनं उडवली. दुसरा टेक्निकल. दुसऱ्यानंतर कोचला हॉल सोडावाच लागतो. सर गेले.

पंच बेंचपाशी आले. “असिस्टंट कोच कोण?”

साहेब जाकीट सारखं करत उठले. सत्कारच आहे असं त्यांना वाटलं असावं. “मी.”

“आता संघ तुमच्याकडे.”

साहेब पुन्हा बसले. काय झालंय ते समोरच्या संघाला आमच्याआधी कळलं. त्यांनी लागोपाठ बास्केट टाकायला सुरुवात केली. आमचे पास तुटायला लागले, जी ती एकटीच चेंडू घेऊन धावायला लागली. खेळ थांबला तशी मी बेंचकडे पळाले.

“साहेब, टाइमआउट मागा.”

“अगं, आपण पुढे आहोत ना? मग थांबायचं कशाला?”

मी गुणलेखकाच्या टेबलावर गेले. तो मान वर न करता म्हणाला, “कोचनं मागायचा असतो. तू कोच आहेस का?”

तेवढ्यात कठड्यावरून आवाज आला, “लासलगाव! अगं लासलगाव!” आम्ही पाचही जणी एकदम ओरडलो, त्यांना अडवलं, चेंडू सुटून आमच्याकडे आला. पण समोरचे कोच पंचांकडे धावले होते. “बाहेरून कोचिंग चाललंय!”

पंच ताईंकडे गेले. “मॅडम, यादीत तुमचं नाव आहे?”

“नाव नाही. संघ माझा आहे.”

“मग वर जाऊन बसा. नाहीतर सामना थांबवावा लागेल.”

ताईंना गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पाठवलं. तिथून त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, हात दिसत होते, शब्द एकही खाली येत नव्हता. आमची आघाडी घसरत गेली. प्रेक्षकांतून शिट्ट्या, आणि पहिल्या खुर्चीत साहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. आम्ही मागे पडलो तेव्हा कुठे ते उठले. “आता थांबवा हो!” असं ओरडले, तेही चेंडू खेळात असताना. कुणी लक्ष दिलं नाही. एका बास्केटनं हरलो.

“हारजीत चालायचीच,” साहेब म्हणाले. “या, फोटो काढून घेऊ.”

ताई पायऱ्या उतरून येत होत्या. मी त्यांना फोटोत ओढायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“फोटोत नको घेऊ मला. यादीत घे.”

पुढच्या कुठल्याच यादीत त्यांना घेतलं नाही. आणि आता सर निवृत्त होत आहेत. मुख्य कोचची जागा निघाली, ताईंनी अर्ज केला. समितीनं कळवलं की अनुभव कागदावर दिसत नाही. सगळ्या स्पर्धांच्या याद्यांत असिस्टंट कोच म्हणून दुसऱ्याच गृहस्थांचं नाव आहे.

ते गृहस्थ त्याच समितीवर बसतात. मी त्यांना जाऊन भेटले. “साहेब, आम्हाला ताईच शिकवायच्या, एवढं लिहून द्या.”

त्यांनी चहा मागवला, वागायला ते वाईट नाहीत. म्हणाले, “बेटा, मला मान्य आहे. पण मी लिहून दिलं तर विचारतील, मग यादीत तुमचं नाव कसं?”

सरांना फोन केला. ते “बघू” म्हणाले. त्या याद्यांवर सही त्यांचीच आहे.

शेवटी प्राचार्यांनी एक वाट ठेवली: जुन्या खेळाडूंनी सहीनिशी लिहून दिलं तर मुलाखतीआधी ते समितीपुढे ठेवतील. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा. पण माझी कीव करून लिहू नका. काय शिकवलं ते लिहा.” मुलाखत जवळ आली आहे. ही जागा बाहेरच्या माणसाला गेली तर ताई संध्याकाळचं कोर्ट सोडणार आहेत. तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, आणि त्या उगाच बोलत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही आमच्या कॉलेजकडून कोणत्याही वर्षी खेळला असाल, तर आज एक कागद घ्या. तुमचं वर्ष लिहा, कोर्टावर रोज कोण उभं असायचं आणि तुम्हाला काय शिकवलं ते लिहा, खाली सही करा. तुम्ही खेळला नसाल पण वहिनी, मावशी, शेजारीण खेळली असेल, तर हा मजकूर तिच्या हातात द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः जाऊन प्राचार्यांच्या कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.