बिर्लानगरला बंद पडणारी गाडी

ग्वाल्हेरला निघताना माझ्या बॅगेत मामीसाठी नाशिकचा चिवडा होता आणि चिवड्याच्या डब्याला टेकून वीज मोजायचा मल्टिमीटर. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवून मी निवृत्त झाले, पण विजेच्या बिघाडांबद्दलचं माझं कुतूहल काही निवृत्त झालं नाही. काही बायकांना शेजारच्या सुनेबद्दल असतं तसं ते मला आहे. नुसता वास आला तरी मी चपला घालते.

या खेपेचा वास फोनवरून आला होता. मामांचा फोन होता. "वैजू बेटा, गाडी फक्त माझ्याच हातात बंद पडते. नितीनच्या हातात नाही पडत. घरात सगळे म्हणून राहिले की बाबांचा पाय क्लचवरून सुटतो. तू एकदा येऊन बघून घे न. मी खोटा निघालो तर चाबी देऊन टाकीन."

नितीन हा मामांचा मुलगा. मामा ऐंशीच्या घरातले, आणि त्यांची ती पांढरी गाडीही आता चांगली पोक्त झालेली. मामा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नव्हता, पण 'खोटा' हा शब्द उच्चारताना ते जरा थांबले होते. मी तिकीट काढलं.

झाशी गेली की खिडकीतला वारा बदलतो. इथल्या उन्हाळ्यातल्या होरपळत्या वाऱ्याला लू म्हणतात. तिची पहिली झुळूक तोंडावर आली तेव्हा कुणीतरी तव्यावरचं फडकं झटकल्यासारखं वाटलं. मग डोंगरावरचा लांबलचक किल्ला दिसू लागला आणि बराच वेळ दिसतच राहिला.

स्टेशनवर नितीन गाडी घेऊन आला होता. हरिशंकरपुरमच्या घरापर्यंत मोकळ्या रस्त्याने ती गाडी शहाण्या मुलीसारखी चालली.

"ताई, तुम्ही आलात ते अच्छाच झालं," नितीन म्हणाला. "पण साफ सांगू? गाडीत काही नाही. दोन मिस्त्री देखके गए, तीन सेन्सर बदलून झाले. बाबा मानते ही नहीं. परसों रस्त्याच्या मधोमध बंद पडली, मागून ट्रक येत होता. मला भीती वाटते हो."

मी त्याला शहाणपण शिकवायच्या तयारीत होते, पण ते शेवटचं वाक्य ऐकून तो बेत सोडला.

सकाळी मामींनी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी), बटाट्याची झणझणीत भाजी आणि जिलबी पुढे ठेवली. इकडचे लोक न्याहारीलाच गोडाचा निकाल लावतात. मी दोन बेडई जास्तच खाल्ल्या आणि मग स्टिअरिंगखालच्या खाचेत माझा छोटा स्कॅनर खोचला. जुन्या गाडीच्या आठवणीत साठलेल्या तक्रारी तो फोनवर दाखवतो. तीन तक्रारी निघाल्या, तिन्ही वेगवेगळ्या सेन्सरच्या, आणि तिन्ही सेन्सर नवेकोरे.

मला मनातून आनंद झाला. तीन साक्षीदार एकाच वेळी खोटं बोलू लागले तर त्यांना पढवणारा चौथा कुणीतरी असतो. त्याला शोधायचं होतं.

नितीनला चालवायला बसवून निघाले. ऊन अजून कोवळं होतं. किल्ल्याच्या पायथ्याने गेलो, महाराज बाड्याच्या चौकाला वळसा घालून गोरखीपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडखळली नाही. घरी उतरल्यावर नितीन किल्ली हातात फिरवत राहिला. मामा दारातच उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारताच आत गेले. मला फार वाईट वाटलं.

मी त्यांच्या मागोमाग गेले. "मामा, तुमच्या हातात बंद पडते ती नेमकी कुठे?"

"बिर्लानगरला. गुरुवारी. शुक्लाजींना घेऊन गोरखीला जातो न मी, आमची जुन्या दोस्तांची बैठक असते तिथे. दुपारचं जेवण झालं की निघतो."

"मग गुरुवारी दुपारीच जाऊ. गाडी तुम्ही चालवायची."

नितीनला हे मुळीच पसंत नव्हतं. तरी तो मागे येऊन बसला. मामींनी आम्हा तिघांना कैरीचं पन्हं पाजलं आणि खिशात एकेक कांदा कोंबला. कांदा खिशात असला की लू बाधत नाही म्हणतात. शास्त्र काय ते विचारायचं नाही.

बिर्लानगर म्हणजे बंद पडलेल्या कापडगिरण्यांचा भाग. कामगारांच्या बसक्या घरांच्या रांगा, दारात खाटा, आणि एका अरुंद वळणावर ई-रिक्षा, टेंपो आणि एक म्हैस यांची कोंडी. आम्ही त्या कोंडीत उभे राहिलो. मी एक डोळा फोनवर आणि एक मामांच्या पायावर ठेवला होता. इंजिन तापत गेलं. समोरून रेडिएटरचा पंखा घुर्र करून सुरू झाला. त्याच क्षणी फोनवरचे सगळे आकडे एकदम उडाले, इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

"देखा?" नितीन मागून म्हणाला. "छोड़ दिया न क्लच."

"नाही सोडला," मी म्हणाले. "पुढे वाकून बघ. पाय अजून तळाला आहे."

नितीन दोन सीटांमधून वाकला. मामांनी पाय हलवला नाही. म्हशीने वाट सोडली, मागचे हॉर्न कर्कश वाजू लागले, तरी ते क्लच दाबून तसेच बसून राहिले, नितीनचं बघून होईपर्यंत.

गाडी ढकलत नेऊन शुक्लाजींच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली बॉनेट उघडलं. हे शुक्लाजी गिरणीत होते आणि मामांचे शाळेपासूनचे मित्र. "आइए बिटिया," म्हणून त्यांनी आधी पाणी दिलं. मल्टिमीटरची एक तार मी बॅटरीच्या उणे टोकाला लावली, दुसरी गाडीच्या पत्र्याला. ही दोन्ही आतून जोडलेली असतात, म्हणून आकडा शून्याजवळ राहायला हवा. पंखा बंद असेपर्यंत राहिला. पंखा लागताच तो चढला. म्हणजे पंख्याने ओढलेल्या विजेला परतीची वाट नीट मिळत नव्हती, आणि त्याच वाटेवर अवलंबून असलेले सेन्सर बिचारे भलतंसलतं बोलत होते. सकाळच्या गारव्यात किंवा मोकळ्या रस्त्यावर पंखा लागतच नाही, म्हणून नितीनच्या हातात गाडी गुणी. मिस्त्री येईपर्यंत इंजिन निवायचं, म्हणून त्यांच्यासमोरही गुणी.

शुक्लाजींनी माळ्यावरून जाड तार शोधून दिली. ती बॅटरीपासून पत्र्यापर्यंत तात्पुरती जोडली. पंखा लागला आणि इंजिन शांतपणे चालत राहिलं. मामांनी खिशातला कांदा काढून उगाचच हातात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. बैठक चुकू द्यायची नाही म्हणून आम्ही तसेच गोरखीला गेलो.

खरा दोष घरी परतल्यावर हाती लागला. बॅटरीची तार जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट मी खोलला. खालून लाल भुकटी सांडली. मी त्याला गंज म्हणाले.

मामी वाकून बघत होत्या. त्यांनी चिमूट बोटांवर घासली. "गंज कसला, हे तर माझं कुंकू."

मग उलगडा झाला. मामांचं घराणं दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेलं. दसऱ्याला म्यानातल्या तलवारीची पूजा यांच्यात चालत नाही, ती उपसूनच ठेवायची. तलवारी गेल्या, गाडी आली, तेव्हा गाडीची पूजाही बॉनेट उघडून होऊ लागली. आत सुपारीसारखा दिसणारा तो बोल्ट मामींनी देव मानला. दर दसऱ्याला त्यावर ओलं हळदकुंकू, आणि वर नारळाचं पाणी; तोच थर आत झिरपून विजेची परतीची वाट अडवून बसला होता.

"म्हणजे मीच बिघडवली की काय?" मामींचा चेहरा एवढासा झाला.

"इतकी वर्षं चालली ती पण तुझ्या पूजेनेच," मामा म्हणाले. "दोन्ही हिशोबात धर न."

बोल्ट बदलला, पत्रा घासून चकचकीत केला. नितीन कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून उभा होता. काम झालं तेव्हा त्याने फडक्याने पुसून किल्ली मामांच्या हातात दिली. "बाबा, माझी गलती झाली," एवढंच म्हणाला.

मी परत निघाले त्या दुपारी मामांनीच गाडी काढली. वाटेतल्या एका सिग्नलला पंखा लागला, इंजिन जराही अडखळलं नाही, आणि माझा आनंद गगनात मावेना. तो फार टिकला नाही. पुढच्या चौकात डावीकडून ई-रिक्षा आली. मला दिसली, नितीनला दिसली. मामांना दिसली नाही. नितीन ओरडला तेव्हा ब्रेक लागला, रिक्षातल्या बाईने आम्हाला दोन शब्द सुनावले आणि ती गेली. मला शोधायला सांगितलेला बिघाड मी शोधला होता, आणि तिथेच थांबावं असं मला फार वाटलं.

स्टेशनवर माझी बॅग उतरवून झाल्यावर मामांनी किल्ली नितीनपुढे धरली.

"तुम्हीच चालवायची ना, बाबा," नितीन म्हणाला. "गाडी ठीक झाली आता."

"गाडी ठीक झाली, म्हणूनच देऊन राहिलो," मामा म्हणाले. "तिचा दोष माझ्या नावावर होता, तोवर कशी देणार? आता आपल्या मनाने देतो. गुरुवारी शुक्लाजींना मात्र आणायचं."

आगगाडी सुटल्यावर मी बराच वेळ किल्ला दिसतो त्या बाजूला बसून राहिले. बिघाड सापडला की आपलं काम संपतं, असं मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं.

नाशिकला आल्यावर नितीनचा फोन आला. गुरुवारी दुपारी तो कामावरून सुटून दोघा म्हाताऱ्यांना गोरखीला सोडतो. बिर्लानगरच्या वळणावर अजून तशीच कोंडी होते. पंखा घुर्र करून लागला की शेजारी बसलेले मामा बोट वर करतात आणि म्हणतात, "ऐक."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ताई. मी ऐकतो."