पूर्वेकडची वहिनी

माझी वहिनी व्हिएतनामची आहे. भाऊ वाळूजच्या एका कंपनीत होता. कंपनीनं त्याला तिकडच्या कारखान्यावर पाठवलं, आणि काही वर्षांनी त्यानं फोनवर सांगितलं की लग्न करतोय. आईनं एकच प्रश्न विचारला.

"धर्म कोणता तिचा?"

"बौद्ध."

"मग काय अडचण नाय," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

आम्ही आजोबांपासून बौद्ध. सूनही बौद्ध. त्यामुळे तिला समजावून सांगण्यासारखं पुंडलिकनगरच्या आमच्या घरात काही नाही, अशी आमची समजूत होती. मी माझी खोली त्या दोघांना रिकामी करून दिली आणि आईच्या खोलीत गादी टाकली.

वहिनी आली. हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर तिनं जमिनीला कपाळ टेकवून तीनदा नमस्कार केला. आईला बरं वाटलं. मग वहिनीनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून मूर्तीपुढे ठेवला. आईनं तो उचलून डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं एक केळं होतं. आईनं ते मला खायला दिलं. असं बरेच दिवस चाललं. त्या दिवसांत मी खूप केळी खाल्ली.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. मनातलं मनात ठेवायची सवय तिला नाही. शेवटी ती मला म्हणाली, "तिला सांग, बुद्ध देव नाय. त्याला भूक लागत नाय. आपण नैवेद्य दाखवत नसतो."

मी फोनमध्ये बोलले, फोननं भाषांतर केलं. वहिनीनं वाचलं, उत्तर दिलं. फोन मराठीत म्हणाला, "होय, मला माहीत आहे. पण केळे चांगले आहे."

"चांगलंच हाये," आई म्हणाली. आणि तिनं ते केळंही माझ्या हातात दिलं.

भाऊ अशा वेळी बहुधा कंपनीत असायचा. घरी असला तर अंघोळीला जायचा.

वहिनीनं येताना एक बाटली जपून आणली होती. टॉवेलात गुंडाळून, सूटकेसच्या मधोमध. एकदा आईनं ती उघडली, वास घेतला आणि खराब झालं म्हणून मोरीत ओतून दिली. ते माशांचं आंबवलेलं पाणी होतं. तिच्या स्वयंपाकात ते आपल्या मिठासारखं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं, आणि टाकीतलं मोरी धुण्यावर घालवायचं नाही असा आईचाच नियम. त्यामुळे पुढचं पाणी येईपर्यंत तो वास घरात राहिला. वहिनी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रात्री भावानं आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून सुकट घेऊन आली आणि वहिनीपुढे कागदाची पुडी ठेवली. "मासाच हाये ना?" वहिनीनं वास घेतला, मान हलवली आणि लसूण सोलायला बसली.

त्याच आठवड्यात दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेली. फोन मांडीवर, बंद. मी शेजारी बसले. तिला तोवर थोडं मराठी, थोडं भाजीवाल्यांचं हिंदी येऊ लागलं होतं.

"ताई, तिकडं मी रस्त्यानं जाते, कोणी बघत नाही. इथं सगळे बघतात."

"होईल सवय," मी म्हणाले.

"मला की त्यांना?"

मी उठले. आम्ही दोघींनी मिळून दोरीवरचे कपडे काढले.

मग हिवाळ्यात एका सकाळी ती फार लवकर उठली. भात, तळलेले रोल, अंड्याचं काहीतरी आणि सुकट. हॉलमधल्या छोट्या टेबलावर तिनं तिच्या वडिलांचा फोटो मांडला, पुढे सगळं वाढलेलं ताट ठेवलं, उदबत्त्या लावल्या. वडील लग्नाच्या आदल्या वर्षी गेले होते.

आई बाहेर आली. ताट पाहिलं, फोटो पाहिला. वहिनीनं फोन पुढे केला. फोन म्हणाला, "आज माझे वडील जेवायला येतील."

"कसे येतील?" आई मला म्हणाली. "वारले ना ते?"

"वारलेत."

आई खुर्चीवर बसली. श्राद्ध करणार नाही ही प्रतिज्ञा तिच्या वडिलांनी दीक्षेच्या वेळी घेतली होती, तिनंही घेतली होती, आणि ती तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांत, सासरी-माहेरी कधी मोडली नव्हती. भाऊ अंघोळीला गेला. वहिनी फोटोशेजारी उभी होती, हात पुढे बांधून, शाळेत उभं केल्यासारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं पण ती ते पुसत नव्हती.

शेवटी आई उठली आणि म्हणाली, "श्राद्ध नाय होणार. पुण्यानुमोदन करू."

आपल्यात गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदन होतंच. आईनं विहारातल्या ओळखीच्या बायकांना फोन लावले. ताट फोटोसमोरून काढून बाजूच्या स्टुलावर ठेवायला लावलं. स्टूल टेबलाला चिकटूनच होतं. वहिनीला ते चाललं, आईलाही चाललं.

बायका आल्या. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं. मग वहिनीनं तिच्या भाषेत हळू आवाजात प्रार्थना म्हटली. ती बरीच लांब होती. बायका हात जोडून शेवटपर्यंत बसल्या.

"सून कुठली म्हणायची?" एकीनं विचारलं.

"पूर्वेकडची," आई म्हणाली.

"नागपूरची व्हय?"

"नागपूरच्या पुढं."

"लई दूर दिली म्हणायची पोरगी," ती बाई म्हणाली, आणि तिनं तळलेला दुसरा रोल घेतला.

सगळे जेवत असताना वहिनीनं तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दिवस कलला होता. तिच्या आईनं आधी फोटो पाहिला, मग स्टुलावरचं ताट, मग इतक्या अनोळखी बायका जेवताना. ती रडायला लागली. आमच्या आईनं वहिनीच्या हातातून फोन घेतला आणि मराठीत म्हणाली, "जेवलात का?" पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. वहिनी हसली आणि म्हणाली, "ती पण तेच विचारते."

आता वहिनी स्कूटर चालवते आणि आई मागं बसते. जालना रोडच्या गर्दीतून ती ज्या शांतपणे गाडी काढते ते पाहून आई सांगते की हिच्या गावात माणसं स्कूटरवरच जन्माला येत असतील. गल्लीतले लोक अजून बघतात. वहिनी आता उलट त्यांना थांबवून वय विचारते. तिच्या भाषेत वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं ते ठरत नाही. गल्लीला यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी लगेच भावाचा पगार विचारला.

यंदा वडिलांच्या दिवसाची मात्र एक अडचण आली. तिच्याकडे मृत्यूचा दिवस चंद्रावरून धरतात, त्यामुळे दरवर्षी तारीख सरकते. आई तिथी मानत नाही. मी पाहिलं, तर ती चष्मा लावून कॅलेंडरपुढं उभी, बोटानं पौर्णिमेपासून पुढं मोजत होती.

"तिथी बघतेस का?" मी विचारलं.

"चंद्र बघतेय," ती म्हणाली. "तू सुकट घेऊन ये."