बायकोची इंग्रजी उजळणी

माझी बायको नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. तिने कामोठ्याला क्लास लावला आणि रोज संध्याकाळी सुकापूरच्या घरी तिची उजळणी घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण बायकोसमोर तसं कबूल कोण करणार!

सगळी भानगड क्रियापदानंतर येणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दांची. मी 'वेट' म्हणायचं, तिने 'फॉर' म्हणायचं. 'लिसन' म्हटलं की 'टू'. 'डिस्कस' म्हटल्यावर ती 'अबाऊट' म्हणाली. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये कळलं, तिथे काहीच लागत नाही.

"काहीच नाही? असं कसं?" मी भांडलो. "'टॉक'ला 'अबाऊट' चालतं, मग 'डिस्कस'ने काय घोडं मारलंय?"

"सर म्हणतात, कारण विचारू नका, पाठ करा."

तिने पाढ्यांसारखं पाठ केलं. भाजी परतताना, कपडे वाळत घालताना तोंड चालूच. माझा मात्र ऐकून ऐकून गोंधळ वाढला. ऑफिसात साधा मेल लिहिताना हात अडखळायला लागला. पूर्वी बिनधास्त चुकायचो, तेच बरं होतं.

त्याहून मोठा गोंधळ वेगळाच होता. ती चुकली की मला बरं वाटायचं. मग स्वतःचाच राग यायचा आणि तिला येईपर्यंत मी तोच शब्द पुन्हा पुन्हा विचारायचो. खालच्या मजल्यावरचे काका, मूळ इथल्या गावातलेच, एकदा जिन्यात म्हणाले, "वहिनी जानार म्हनं. मंग तुमी काय करनार?"

"अजून पास कुठे झालीय!" असं म्हणून मी सटकलो. घरात तर हा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीपुरतंच.

ती पास झाली. मोबाईलवरचा निकाल तिने माझ्यापुढे धरला. "मग, जाऊ ना मी?" तिने विचारलं.

"जा की! एवढी मेहनत कशासाठी केलीस?" मी छाती फुगवून म्हणालो. समजूतदार नवरा ना मी!

ती मोबाईल उचलून तडक स्वयंपाकघरात गेली. माझं काय चुकलं तेच मला कळेना. पेढे आणू का विचारलं, तर नको म्हणाली. आम्ही जेवायला बसलो. पहिला घास तसाच हातात धरून ती म्हणाली, "जाणार तर मी आहेच. पण एकदा तरी 'नको जाऊस' म्हणायचंस."