साळवे मास्तरांचा रविवार

रविवारी साळवे मास्तर कागद वाचत नसत. सही करायचे, पण वाचायचे नाहीत. आखातात, अबू धाबीकडच्या रुवैसजवळ समुद्राच्या काठाला तेलाच्या कामाचा तळ होता. तिथं ते टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारे होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. साठच्या दशकातली गोष्ट. तळाला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवार म्हणजे भर कामाचा दिवस. मास्तर नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट ख्रिस्ती. त्यांच्या घरात रविवारचं जेवण शनिवारीच रांधून ठेवायचे म्हणे. इथं नोकरीच होती, म्हणून त्यांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला होता. कामावर हजर राहायचं, सही करायची, पण आकडा तपासायचा नाही, अक्षर वाचायचं नाही. जे तपासायचं ते सोमवारी. "प्रभूच्या दिवशी माझे डोळे प्रभूचे," असं म्हणायचे. मी एकदा विचारलं, "आणि हात कंपनीचा का, मास्तर?" तर गालातल्या गालात हसले आणि पुढच्या कागदावर सही केली.

मी रत्नागिरीकडचा मुसलमान, मराठी सातवी पास, सव्वीस वर्षांचा, नवं लग्न झालेला. मास्तर पन्नाशीला आलेले. पूर्वी गावी शाळामास्तर होते म्हणून सगळा तळ त्यांना मास्तरच म्हणायचा. उंच, वाळकं शरीर, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. कोणी घाई केली की शांतपणे म्हणत, "देवाला घाई नसते, फोरमनला असते." फोरमनच्या तोंडावरसुद्धा म्हणत. फोरमनला मराठी येत नव्हती ही आमच्यावर मेहेरबानीच.

दर शुक्रवारी मी जुम्म्याच्या नमाजाहून परतलो की ते मला आपल्या पत्र्याच्या खोलीत बोलवायचे. तिथं ते एक छोटं पुस्तक लिहीत होते. साडेचारशे वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेलेल्या एका धर्मपंडिताची सोप्या मराठीत ओळख. त्यांच्या पंथाची सुरुवात ज्यांनी केली त्यांतला तो एक. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते मास्तरांच्या पुस्तकावर छापून यायचं होतं. तिथं आलं नाही, मग माझ्या लेखात कशाला? त्यांच्या गावच्या चर्चच्या पाळकानं हे काम सांगितलं होतं, मंडळीतल्या साध्या माणसांसाठी. आणि साधा माणूस म्हणून मास्तरांनी निवडलं मला. "तुला कळलं तर आमच्या गावच्या म्हातारीला कळेल," असं तोंडावर सांगितलं. एक पान वाचायचे, थांबायचे, विचारायचे, "कळलं?" मी मान हलवली नाही की स्वतःच म्हणायचे, "खोडा."

असं खोडत खोडत तो जर्मन मला कळत गेला. संन्यासी झाला होता, उपास करून करून हाडं वर आली होती, आणि तरी देव आपल्यावर रागावलाय ही भीती जाईना. मग धर्मग्रंथ स्वतः वाचताना त्याच्या ध्यानात आलं की देवाची कृपा कमवता येत नाही, ती मिळते. त्या काळी पापाची माफी कागदावर लिहून विकत, त्याविरुद्ध तो उठला. धर्मग्रंथ त्यानं बाजारात बोलतात त्या भाषेत आणला. चांभाराचं काम देवाला पुजाऱ्याच्या कामाइतकंच प्यारं आहे असं सांगितलं. मला यातलं एक काही केल्या पटेना. मी म्हटलं, "चांगल्या कामानं देव मिळत नसेल तर चांगलं वागायचं कशाला?" मास्तर म्हणाले, "ताप उतरला म्हणून माणूस चालायला लागतो, इस्माईल. चालला म्हणून ताप उतरत नाही." हे मला कळलं. तेवढं वाक्य त्यांनी खोडलं नाही.

मी त्यांना चिडवायचोही. "तुमचा जर्मन म्हणतो दिवस पाळून देव मिळत नाही, आणि तुम्ही रविवारी कागदाकडे बघत नाही." ते म्हणायचे, "खोड आहे रे, आईनं लावलेली." त्या खोडीचा फायदा कोण कसा घेईल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही, खोटं कशाला सांगू.

माझ्या गावचा हसन क्रेन चालवायचा. त्या आठवड्यात दुसरा ऑपरेटर आजारी होता, म्हणून फोरमननं हसनला शुक्रवारची सुट्टी न देता लागोपाठ शिफ्टमागून शिफ्ट जुंपलं. शनिवारी दुपारी क्रेनवर त्याचा डोळा लागला, पाइप सुटला आणि खाली एक बलुची मजूर जागच्या जागी गेला. हसनला लगेच धरून अबू धाबीला नेलं. रविवारी सकाळी फोरमन माझ्या टेबलाशी आला. हजेरीचा कागद नवा लिहायचा होता, त्यात हसन शुक्रवारच्या शिफ्टला सुट्टीवर दाखवायचा. म्हणजे विश्रांती मिळूनही तो कामावर झोपला, दोष सगळा त्याचाच. "यल्ला, लिखो. नहीं तो अगली लाँच से घर जाओ." माझी आई, बायको, दोन बिनलग्नाच्या बहिणी माझ्यावर होत्या. मी लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं. जुना कागद फोरमननं माझ्यासमोर फाडला. मग मीच तो नवा कागद इतर कागदांच्या मधोमध सरकवून मास्तरांपुढे ठेवला. रविवार होता. त्यांनी सही केली.

सोमवारी ते नेहमीप्रमाणे कार्बनच्या प्रती तपासायला बसले. मी समोरच होतो. हसनच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या, दोन्ही शिफ्टना त्यांनी स्वतः त्याला कामावर पाहिलं होतं. सही केलेला वरचा कागद तोवर अबू धाबीला पोचला होता. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मीच लिहिलंय ना, दिवस पाळून काही मिळत नाही. आणि बघ, मी दिवस पाळला आणि एका माणसाला तुरुंगात टाकलं." मग मला म्हणाले, "हे तू का केलंस ते मला ठाऊक आहे. पण मी अबू धाबीला खटल्याच्या साहेबाकडे जाणार. तू चल." मी म्हटलं, "येतो."

त्या काळी हिंदुस्थानी माणसांचे खटले अबू धाबीत इंग्रज अधिकाऱ्यासमोर चालायचे. ट्रकनं दिवसभराचा रस्ता, रस्ता कसला, वाळलेल्या खाऱ्या चिखलाचं मैदान. वाटेत मास्तर म्हणाले, की पुस्तकाचा शेवटचा भाग राहिलाय. जर्मनाला बादशहासमोर उभं करून विचारतात, लिहिलेलं मागं घेतोस का, आणि तो घेत नाही. "ते लिहायला सोपं वाटत होतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत फोरमन आधीच येऊन बसला होता. हसन बाहेर कोठडीत, त्याला आतलं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मास्तर उभे राहिले आणि सरळ इंग्रजीत म्हणाले की सही माझी, पण कागद खोटा. हसन दोन्ही शिफ्ट कामावर होता. फोरमन म्हणाला, हा माणूस माझ्यावर डूख धरून आहे. साहेबानं कागद उलटासुलटा पाहिला. काल एक सही करतो आणि आज दुसरं सांगतो, अशा माणसाच्या एकट्याच्या शब्दावर मी काय करू, असं तो म्हणाला. दुसरा कोणी साक्षीदार आहे का? मास्तर म्हणाले, "आहे. हा इस्माईल. कागद यानंच लिहिला."

साहेबानं मला विचारलं, हे खरं आहे का? फोरमन माझ्याकडे बघतही नव्हता, पायातला बूट हलवत बसला होता. मास्तरही बघत नव्हते. मला घरातली चारही माणसं डोळ्यांपुढे दिसली, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काहीच दिसलं नाही. नुसती भीती वाटली. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, साहेब."

खलास. हसनला दीड वर्ष कैद झाली. निकालाच्या वेळी तो कागद त्याच्यासमोर वाचला गेला, खालच्या सहीसकट.

परतताना ट्रकमध्ये मी मागं बसलो होतो, मास्तर पुढं. मध्येच गाडी थांबवून ते माझ्याजवळ आले, पाण्याची पिशवी माझ्या हातात दिली. मी रडत होतो. ते म्हणाले, "मी रविवारी डोळे मिटले, तू आज मिटलेस. मी तुझ्याहून चांगला नाही, हे ध्यानात ठेव." मला त्यापेक्षा एक थोबाडीत चालली असती. आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं. दुबईहून बोटीनं ते मुंबईला गेले. मी त्यांना निरोप द्यायला धक्क्यावर गेलो नाही. तीन वर्षांनी त्यांच्या मुलीचं कार्ड आलं की वडील गेले, पुस्तकाचा शेवटचा भाग लिहिलाच नाही. तो लिहायचा हक्क आपल्याला नाही, असं घरी म्हणत असत. मी पुढं वीस वर्षं आखातात काढली, बहिणींची लग्नं केली, घर बांधलं.

हसन सुटून गावी परतला तो कायमचा. त्याला परत आखातात कोणी घेतलं नाही, खाडीवर होडी मारत राहिला. मी सुट्टीवर गेलो की माझ्या ओटीवर येऊन बसायचा आणि मास्तरांना शिव्या घालायचा. "त्या किरिस्तावान सही केलान नि माजी जिंदगी खाल्लान. तू तरी आपला हायस." मी ऐकून घ्यायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. मास्तर ज्या माणसासाठी सगळं गमावून बसले, त्याच माणसाच्या तोंडून मी त्यांना इतकी वर्षं शिव्या खाऊ दिल्या. माझ्या हातून घडलेल्या सगळ्यात हे वाईट. साहेबासमोर मी घाबरलो होतो. इथं तर कसलीच भीती नव्हती.

आता दोघंही म्हातारे झालो. हे सगळं लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी परवा हसनच्या घरी गेलो. त्याला वाचता येत नाही. त्याच्या ओटीवर बसून सुरुवातीपासून वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाला, "परत वाच. साहेबान तुला इचारलान तिथपासून."

मी परत वाचलं. हसन खाडीकडे बघत होता. मग म्हणाला, "इतकी वर्सा ईदला मी पहिली गळाभेट तुझी घेत होतो."

एवढं बोलून तो भिंतीला धरून उठला आणि आत गेला. सून चहाचे दोन कप घेऊन आली तेव्हा ओटीवर मी एकटाच होतो.